जाते काय सांगते?

(आपल्या घरातील साध्या वस्तूंमध्ये, बोलण्यामध्ये आणि गाण्यांमध्ये समाजाच्या जीवनाची कितीतरी माहिती दडलेली असते. ती शोधून काढण्याचे काम सामाजिक शास्त्रांचे संशोधक करतात. हे काम कसे चालते आणि त्यातून काय हाती लागते, हे लेखिकेने या पाठात जात्याच्या उदाहरणाने समजावून सांगितले आहे.)

माझ्या नानीचे घर मराठवाड्यातील एका लहान गावात होते. घराच्या मागच्या पडवीत एक दगडी जाते होते. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती, त्यामुळे ज्वारीचे दळण गिरणीतच जाई. तुरीची डाळ मात्र नानी घरच्या जात्यावर भरडत असे. एका हाताने खुंटा धरून ती जाते फिरवी, दुसऱ्या हाताने मूठमूठ तूर आत टाकी आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत राही. त्या गाण्यात अल्लाहचे नाव येई, मदिना येई, तिच्या भावाचे गाव येई आणि मध्येच एखादा मराठी शब्दही येई. मी शेजारी बसून तुरीच्या दाण्यांशी खेळत असे. गाणे कानांवर पडत होते. पण मी ते कधी लक्ष देऊन ऐकले नाही.

पुढे मी बी.एड. करत असताना आम्हांला लोकगीतांवर एक टिपण लिहायचे होते. सुट्टीत मी नानीला विचारले, "नानी, चक्की पीसते वक्त आप क्या गाते थे?" नानी हसली आणि म्हणाली, "उसमें क्या है बेटा? काम करते-करते गाते थे, बस!" मी वही मिटली. एका पुस्तकातून चार ओव्या उतरवून घेतल्या आणि टिपण पूर्ण केले. मला चांगले गुणही मिळाले. दुसऱ्या वर्षी नानीचे निधन झाले. आज मला त्या गाण्याची एकही पूर्ण ओळ येत नाही.

माझे काय चुकले, हे मला पुष्कळ उशिरा कळले. "उसमें क्या है?" असे नानी म्हणाली, तेव्हा मी विचारणे थांबवले. खरे तर तेथूनच विचारायला सुरुवात करायला हवी होती. जे आपण रोज करतो त्यात विशेष काही नाही, असे प्रत्येक माणसाला वाटते. त्या 'विशेष काही नाही' मध्ये काय आहे, हे शोधण्याचे शास्त्र म्हणजे सामाजिक शास्त्र.

मुलांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही प्रयोग करता. लिटमस कागद आम्लात बुडवला, तर तो मुंबईतही लाल होतो आणि मालेगावातही लाल होतो. माणसांचे तसे नसते. एकच सण दोन गावांत दोन तऱ्हांनी साजरा होतो. एकाच घरात आजी, आई आणि मुलगी यांची बोलण्याची तऱ्हा निराळी असते. मग माणसांचा अभ्यास करायचा कसा? त्यासाठी संशोधक लोकांमध्ये जाऊन राहतात. ते पाहतात, विचारतात, ऐकतात आणि जसे ऐकले तसेच लिहून घेतात. पुष्कळ नोंदी जमल्या, की त्यांची विषयवार विभागणी करतात. एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करतात. त्यानंतरच ते आपले मत मांडतात. समाजशास्त्र, मानवशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास या सर्व शास्त्रांत कमी-अधिक प्रमाणात हीच पद्धत दिसते.

आता जात्याचेच उदाहरण घेऊ. जाते म्हणजे दोन गोल, जड दगड. खालचा दगड स्थिर असतो, वरचा फिरतो. मध्ये एक खीळ असते आणि फिरवण्यासाठी वर उभा लाकडी खुंटा असतो. गिरणी येण्यापूर्वी महाराष्ट्रातील घराघरांत बायका पहाटे अंधारात उठून जात्यावर बसत. घरातील सर्वांसाठी भाकरीचे पीठ रोज दळावे लागे. काम कष्टाचे होते. ते हलके व्हावे म्हणून त्या ओव्या म्हणत. दोन बायका समोरासमोर बसून दळत असतील, तर एकीने म्हटलेल्या ओवीला दुसरी ओवीनेच साथ देई. या ओव्या कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे त्या तोंडीच येत आणि प्रत्येक जण त्यांत आपली भर घाली.

गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले. ही चांगलीच गोष्ट झाली. कोणत्याही बाईला पुन्हा पहाटे जात्याला जुंपावे, असे कोणी म्हणणार नाही. पण जाते थांबले तसे गाणेही थांबू लागले. लग्नात हळद दळताना तेवढे ते ऐकू येई. ज्या बायकांना शेकडो ओव्या पाठ होत्या, त्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या.

अशा वेळी पुण्यातील दोन संशोधकांनी हे काम हाती घेतले. एक होत्या हेमा राईरकर आणि दुसरे गी पॉइतवाँ. पॉइतवाँ यांचा जन्म फ्रान्समधला. ते भारतात आले आणि पुण्यात स्थायिक झाले. पुणे जिल्ह्यातील मुळशी, मावळ या डोंगराळ भागांत गरीब कुटुंबांमध्ये त्यांचे काम चालू होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांकडून ओव्या ऐकून लिहून घेण्यास सुरुवात केली. हे काम २० वर्षांहून अधिक काळ चालले. महाराष्ट्रातील १ हजाराहून अधिक गावांमधून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ओव्या म्हणणाऱ्या बायकांची संख्याच ३ हजारांच्या वर होती. पुढे बर्नार बेल हे संगीत आणि संगणक या दोन्ही विषयांचे जाणकार या कामात आले. त्यांनी या ओव्यांचा संगणकावर संग्रह तयार केला आणि कितीतरी तासांचे ध्वनिमुद्रण केले. गी पॉइतवाँ २००४ साली आणि हेमा राईरकर २०१० साली निधन पावल्या, तरी काम थांबले नाही. २०१७ सालापासून 'पारी' ही ग्रामीण जीवनाची माहिती देणारी संस्था या ओव्या सर्वांसाठी इंटरनेटवर प्रसिद्ध करू लागली.

या संग्रहातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथे ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव लिहिलेले असते. एरवी आपण 'लोकगीत' म्हणतो आणि पुढे जातो. ते कोणाचे, हे विचारत नाही. कधी शाळेची पायरी न चढलेल्या एखाद्या बाईचे नाव त्या ओवीची धनीण म्हणून नोंदवले गेले, हा तिचा केवढा मोठा मान आहे!

या ओव्यांमधून काय कळले? पहिली गोष्ट म्हणजे बायकांचा दिवस कळला. त्या केव्हा उठत, काय दळत, कशाने थकत, कोणाची वाट पाहत, हे सारे त्यांत आहे. ही माहिती राजांच्या बखरींत किंवा सरकारी दप्तरांत सहसा सापडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचे मन कळले. माहेर, भाऊ, आई, लेक, सासुरवास, पंढरीचा विठ्ठल, सीतेचा वनवास हे ओव्यांतले नेहमीचे विषय. सीतेची कथा म्हणताना बायका तिच्यावर झालेल्या अन्यायाविषयी बोलतात आणि बोलता बोलता आपल्याच दुःखाविषयी बोलून जातात. मुलगी झाली म्हणून होणारा अपमान, सासरचा जाच, गरिबी या गोष्टी चारचौघांत बोलण्याची त्यांना सोय नव्हती. जात्यापाशी ती सोय होती. जाते ऐकून घेई आणि कोणाला सांगत नसे.

न शिकलेल्या बायकांना स्वतःचे मत नसते, असे पुष्कळ लोक मानत. हा समज किती चुकीचा होता, ते या ओव्यांनी दाखवले. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयीच्या अनेक ओव्या आहेत. दलित वस्तीतील बायकांनी त्यांत बाबासाहेबांबद्दलचे प्रेम आणि अभिमान गायला आहे. पाहा, ओवीची चाल जुनी, जातेही जुने. पण विचार नवा. संस्कृती म्हणजे पेटीत बंद करून ठेवलेला दागिना आहे, असे आपल्याला वाटते. खरे तर ती चालत्या जात्यासारखी असते. त्यात रोज नवे धान्य पडते.

मात्र संशोधकाला सावध राहावे लागते. भावाची स्तुती करणाऱ्या पुष्कळ ओव्या सापडल्या, म्हणून सगळे भाऊ बहिणींशी चांगले वागत होते, असे म्हणता येईल का? नाही. कदाचित भाऊ येत नसे, म्हणूनच त्याची आठवण अधिक येत असेल. म्हणून केवळ ओवी लिहून घेऊन भागत नाही. ती म्हणणाऱ्या बाईलाच विचारावे लागते, "ही ओवी तुम्ही कधी म्हणता? तुम्हांला यात काय सांगायचे आहे?" हेमाताई आणि त्यांचे सहकारी बायकांशी अशी चर्चा करत. अर्थ लावण्याचा पहिला हक्क गाणारीचा असतो.

मुलांनो, तुम्हांला वाटेल की जात्याची गाणी फक्त मराठीतच आहेत. आता मी तुम्हांला आपल्या दखनीची गोष्ट सांगते.

कर्नाटकातील विजापूर ही आदिलशाही सुलतानांची राजधानी होती. त्या शहराचे नाव आता विजयपुरा असे आहे. शहराबाहेरच्या शाहपूर टेकडीवर चिश्ती परंपरेतील सूफी संत राहत असत. शाह मीराँजी, त्यांचे पुत्र बुरहानुद्दीन जानम आणि त्यांच्यानंतर अमीनुद्दीन आला ही त्यांतील प्रसिद्ध नावे. आपले विचार साध्या माणसांना कळावेत म्हणून त्यांनी अरबी-फारसीबरोबर दखनी भाषेतही लिहिले. दखनी म्हणजे दक्षिणेत वाढलेले उर्दूचे जुने रूप.

अमेरिकेचे इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी या सूफींचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. सूफींचे तत्त्वज्ञान तर कठीण. ते गावातल्या साध्या घरांपर्यंत पोहोचले कसे? दरबारी इतिहासांत याचे उत्तर नव्हते. ईटन यांना ते जुन्या हस्तलिखितांमधील लहान लहान दखनी कवितांत सापडले. त्या कवितांची नावे होती चक्कीनामा, चरखानामा, लोरीनामा, शादीनामा. चक्की दळताना, सूत कातताना, बाळाला झोपवताना आणि लग्नात म्हणायची ही गाणी होती. विद्वानांनी या कवितांकडे फारसे लक्ष दिले नव्हते. बायकांच्या गाण्यांत काय असणार, असे त्यांना वाटले असावे. म्हणजे पुन्हा तेच, "उसमें क्या है?"

त्यांत काय होते ते पाहा. चक्कीनाम्यात जात्याच्या उभ्या खुंट्याला अलिफ या अक्षराची उपमा दिली आहे, कारण अलिफपासून अल्लाहचे नाव सुरू होते. मधली खीळ म्हणजे हजरत मुहम्मद पैगंबर (स.). दळणारी बाई कधी मदरशात गेली नसेल. पण खुंटा हातात धरला की तिच्या हाती अलिफ येई. जाते फिरे आणि त्या लयीत अल्लाहचे स्मरण होई. ईटन यांचे मत असे, की सूफींचे विचार घराघरांत पोहोचवण्यात या बायकांचा मोठा वाटा होता. आईने जे गायले, ते मांडीवरच्या मुलाने ऐकले. असा बदल एका दिवसात होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या, रोजच्या कामातून तो हळूहळू होतो.

आता या दोन संशोधनांची तुलना करू. माजलगावच्या बायकांनी नवा विचार ओवीत घातला. विजापूरच्या सूफींनीही आपला विचार जात्याच्या गाण्यातच घातला. दोघांमध्ये तीनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. भाषा निराळी, श्रद्धा निराळी. पण जाते एकच. दख्खनच्या बायकांचे कष्ट एकच होते आणि त्या कष्टांतून निघालेली गाण्याची रीतही एकमेकींच्या शेजारी वाढली. नानीच्या दखनी गाण्यात मराठी शब्द का येत होते, याचे उत्तर मला येथे मिळाले.

परंतु या दोन्हींत एक मोठा फरकही आहे. चक्कीनामा आपल्यापर्यंत हस्तलिखितातून आला. तो सूफींनी किंवा त्यांच्या शिष्यांनी बायकांसाठी लिहिलेला आहे. तो गाताना त्या बायकांना काय वाटत होते, त्यांनी त्यात आपले कोणते शब्द घातले, हे त्यांना कोणी विचारले नाही. आता विचारताही येत नाही. पुण्याच्या संशोधकांनी मात्र वेळेवर विचारले, म्हणून एक लाखाहून अधिक ओव्या आज आपल्यापाशी आहेत. विचारणे आणि न विचारणे यांत एवढा फरक पडतो.

जाते हे केवळ एक उदाहरण आहे. तुमच्या मोहल्ल्यातील यंत्रमागावर काम करणारे चाचा, गोधडी शिवणारी दादी, बांगड्या भरणारी शेजारीण, लग्नात ढोलकवर गाणाऱ्या खाला यांच्यापाशीही असेच भांडार आहे. आपण ज्यांच्याजवळ राहतो, त्यांच्याविषयी आपली काही ठरलेली मते असतात. आपल्याविषयी इतरांचीही असतात. ही मते पुष्कळ वेळा कोणाला न विचारताच बनलेली असतात. संशोधनाने ती तपासली जातात. काही खरी ठरतात, काही गळून पडतात.

तुम्हीही हे काम करू शकता. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. प्रथम त्यांची परवानगी घ्या. प्रश्न लहान विचारा. "तुम्ही गाणी गात होता का?" असे विचारले, तर "हो" किंवा "नाही" एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी "दळायला कोण कोण बसत असे? पहाटे दिवा असे का? पहिले गाणे कोण म्हणे?" असे विचारा. त्यांची भाषा सुधारू नका. जसे बोलतील तसेच लिहा. नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. आणि "उसमें क्या है?" असे उत्तर मिळाले, तर वही मिटू नका. थोडे थांबा आणि पुन्हा विचारा.

गेल्या वर्षी मी नानीच्या धाकट्या बहिणीकडे गेले. प्रथम तिलाही काही आठवेना. मग मी ते जुने जाते पुसून तिच्यापुढे ठेवले. तिने खुंटा धरला आणि रिकामेच जाते फिरवले. तिसऱ्या फेऱ्याला तिच्या तोंडून एक ओळ आली. नंतर आणखी दीड ओळ आली. पुढचे तिला आठवले नाही. त्या अडीच ओळी, तिचे नाव आणि ती तारीख माझ्या वहीत आहे.

शब्दार्थ

जाते – धान्य दळण्याचे दगडी साधन, चक्की
पडवी – घराला लागून असलेली छपराची जागा
भरडणे – जाडसर दळणे
खुंटा – जाते फिरवण्याचा लाकडी दांडा
टिपण – थोडक्यात लिहिलेली माहिती
संशोधन – शोध घेणे, तहकीक
तुलना – दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे, मुकाबला
जुंपणे – कामाला लावणे
ध्वनिमुद्रण – आवाज साठवून ठेवणे
बखर – जुन्या मराठीतील इतिहासलेखन
दप्तर – सरकारी कागदपत्रे
धनीण – मालकीण
सासुरवास – सासरी होणारा त्रास
हस्तलिखित – हाताने लिहिलेला ग्रंथ, कलमी नुस्खा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नानी जात्यावर काय भरडत असे?
(आ) ओव्या गोळा करण्याचे काम पुण्यातील कोणत्या दोन संशोधकांनी केले?
(इ) दखनी म्हणजे काय?
(ई) चक्कीनाम्यात खुंट्याला कोणत्या अक्षराची उपमा दिली आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) संशोधक माणसांचा अभ्यास कोणत्या पद्धतीने करतात?
(आ) ओव्यांमधून बायकांच्या जीवनाविषयी कोणती माहिती मिळते?
(इ) 'अर्थ लावण्याचा पहिला हक्क गाणारीचा असतो', असे लेखिका का म्हणते?

प्र. ३. सविस्तर उत्तर लिहा.
पुण्याच्या संशोधकांचा ओवीसंग्रह आणि विजापूरचा चक्कीनामा यांतील साम्य व फरक तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. पुढील शब्दांसाठी उर्दू शब्द सांगा.
पहाट, कष्ट, भाऊ, परवानगी, स्मरण

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
भर घालणे, हाती घेणे, गळून पडणे

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारातील एका वृद्ध व्यक्तीला तिच्या लहानपणीच्या कामांविषयी पाच प्रश्न विचारा. मिळालेली उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून वर्गात वाचून दाखवा.